चिहेराची वेगळी हंडी

समजा, हजारभर माणसांचा स्वयंपाक तुमच्यावर येऊन पडला आहे. चूल पेटवायची, पण धूर दिसता कामा नये. आकाशात अधूनमधून एक लहानसं विमान येतं, सावकाश घिरट्या घालतं आणि निघून जातं. झाडीतून वर चढणारी एक करडी रेघ त्यातल्या माणसाला दिसली, की तुमचं आणि त्या हजार जणांचं काय व्हायचं ते ठरलं. कसा कराल स्वयंपाक?

मुचानेता तो असा करायची. चूल जमिनीवर मांडायचीच नाही. कमरेइतक्या खड्ड्यात मांडायची. चुलीच्या मागून एक लांब चर खणायचा, थोडा चढत जाणारा, आणि तो फांद्यांनी, ओल्या गवताने, वरून मातीने झाकून टाकायचा. धूर त्या चरातून सरपटत जातो, जाता जाता थंड होतो, आणि टोकाला पोचेपर्यंत त्याच्यात वर चढायचं बळच उरत नाही. मग तो गवतातून जमिनीलगत पसरतो आणि ओढ्यावरच्या धुक्यात मिसळून जातो. लाकूड मुसासा नावाच्या रानझाडाचं, तेही खडखडीत वाळलेलं. त्यात एक ओली काटकी सापडली, तरी मुचानेता लाकूड आणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायची.

आता या कामात एक भर घाला. कापलेल्या ड्रममध्ये मक्याच्या पिठाचा साडझा घट्ट शिजून तयार झाला, की पहिला घास तुम्ही खायचा. सगळ्यांच्या देखत. तुम्हाला काही होतं का ते बघत भुकेली माणसं तुमच्या तोंडाकडे टक लावून उभी राहणार. तुम्ही ठसका लागून खोकलात, तरी रांग चार पावलं मागे सरणार.

न्यातोंडो छावणीत कुणाचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणं होती. छावणी मोझांबिकच्या हद्दीत, पण माणसं सगळी सीमेपलीकडची. पलीकडे त्यांचा स्वतःचा मुलूख, आणि तिथे गोऱ्यांचं सरकार; त्याच्याशी लढायला ती इकडे आली होती. त्या सरकारची फौज काळ्या माणसांनाही वर्दी द्यायची आणि कधी कधी वर्दी न देताच पाठवायची. कुठल्याशा छावणीत नवे शर्ट वाटले आणि ते घालणारे तडफडून मेले, अशी बातमी आली होती. दुसरीकडे म्हणे पिठातच काहीतरी होतं. म्हणून नवा माणूस आला, की त्याला कॉम्रेड गादझाईसमोर बसवत. गादझाई छावणीचा सुरक्षाप्रमुख. शांत आवाजाचा, कधीच न हसणारा. एकच प्रश्न तो तीनदा विचारायचा, आणि तिन्ही वेळा उत्तर तंतोतंत सारखं आलं तर त्याला जास्त संशय यायचा.

मुचानेतालाही त्याने असंच बसवलं होतं. ती पलीकडच्या मुलखातल्या बुहेराची. नवरा जोहान्सबर्गच्या खाणीत गेला तो तिकडचाच झाला. बुहेरात लग्न असो की मयत, मोठ्या ड्रमवर डाव चालवायला मुचानेता लागायचीच. एकदा तिने रानातून आलेल्या लढवय्यांना जेवू घातलं. कुणीतरी चुगली केली. सैनिक आले, त्यांनी तिची मक्याची कणगी जाळली आणि थोरल्या भावाचा पाय बंदुकीच्या दस्त्याने मोडला. पुढे सगळ्या गावाला तारेच्या कुंपणात कोंडलं. त्याआधीच मुचानेता रानात पळालेल्या पोरापोरींबरोबर सीमा ओलांडून आली होती. चुगली कुणी केली ते तिला कधीच कळलं नाही. तेव्हापासून कुणाशीही बोलताना ती आधी त्याच्या हातांकडे बघायची आणि मग तोंडाकडे.

तिचं देवक म्होफू, म्हणजे गाईएवढं थोराड रानहरीण. आपल्याकडे देवकाच्या झाडाची फांदी तोडत नाहीत, तसं तिकडे देवकाच्या प्राण्याचं मांस खात नाहीत. खाल्लं तर दात गळून पडतात म्हणतात. म्होफू देवकाच्या बाईला मानाने चिहेरा म्हणतात, म्हणून छावणीत तीही सगळ्यांची चिहेरा. गादझाईला हे आवडायचं नाही. सकाळच्या परेडला तो सांगायचा, की इथे कुळं नाहीत, देवकं नाहीत. आपल्या सगळ्यांचं देवक एकच, बंदूक. लोक माना डोलवायचे. आणि जेवायच्या रांगेत उभे राहिले की एकमेकांना कुळाच्याच नावाने हाक मारायचे.

थंडी संपता संपता ओबाडिया नावाचा एक तरुण आला. एकटाच, पायी, पायात टायरच्या चपला. गादझाईने त्याला बराच काळ झाडाखाली बसवून ठेवलं आणि शेवटी पाणी भरायला म्हणून स्वयंपाकघरात पाठवलं, म्हणजे नजरेसमोर राहील. मुचानेताने त्याचे हात पाहिले. तळव्यांना घट्टे होते. पण ते नांगराचे की आणखी कशाचे, ते तिला ठरवता येईना. त्याने गुडघे टेकून, तळवे एकमेकांवर हळू थोपटून नमस्कार केला आणि आपलं देवक सांगितलं. म्होफू. मग त्या कुळाची सगळी थोरवी, पूर्वजांच्या नावांसकट, न अडखळता म्हणून दाखवली.

मुचानेताने त्याला जागच्या जागी तपासला. बुहेरात कुठल्या झऱ्याचं पाणी पीत होतास, चर्चमागच्या टेकडीला काय म्हणतात, तिथला लंगडा लोहार अजून आहे का. त्याने सगळं बरोबर सांगितलं. वर हेही सांगितलं, की कुंपणातल्या गावात तो तिच्या भावाच्या झोपडीत जेवला होता, आणि भावाचा पाय आता बरा आहे, फक्त थंडीत ठणकतो. नात्याचा हिशेब लावून तो तिला आत्या म्हणू लागला.

घर सोडल्यापासून तिला त्या नात्याने कुणी हाक मारली नव्हती. ती त्याच्यावर ओरडू लागली, पाणी सांडलं म्हणून, लाकडं ओली म्हणून, आणि ओरडताना तिला बरं वाटायचं. आपलं माणूस असल्याशिवाय कुणी एवढं ओरडत नाही.

केरेसियाला मात्र तो पटला नाही. केरेसिया मुचानेताच्या हाताखालची, पण तोंडाने तिच्या वरचढ. देवकाने हत्ती, मोठी, गोल, हसली की सगळा खड्डा घुमायचा. दोघी दिवसभर एकमेकींची उणीदुणी काढत आणि रात्री एकाच घोंगडीत झोपत. केरेसिया म्हणायची, तुझा भाचा फार नीट उत्तरं देतो. खऱ्या माणसाला अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत. मुचानेता म्हणायची, तुझ्या हत्तीच्या कुळात कुणाला काही आठवतच नसेल, त्याला आम्ही काय करणार.

एके दिवशी जवळच्या वस्तीतल्या लोकांनी शिकार करून आणली. कितीतरी आठवडे छावणीने मांसाचा तुकडा पाहिला नव्हता. आणलेलं जनावर नेमकं म्होफू निघालं. मुचानेताने तोंड फिरवलं आणि मांसाचा ड्रम केरेसियाच्या ताब्यात दिला. स्वतः तीन पायांची एक लोखंडी हंडी वेगळ्या चुलीवर चढवून तिच्यात घेवडा शिजवला, आपल्या देवकाच्या लोकांसाठी. तिचा डाव वेगळा, झाकण वेगळं. मांसाचा डाव चुकूनही त्या हंडीत जाता कामा नये.

गादझाई येऊन ती वेगळी हंडी बघून गेला. म्हणाला, यालाच मी मागासलेपण म्हणतो, उद्या परेडला यावर बोलणार आहे. पण थोड्या वेळाने त्याचा रक्षक त्याची थाळी घेऊन खड्ड्यात उतरला. मांसाच्या ड्रमपाशी न थांबता सरळ मुचानेताकडे आला आणि हळूच म्हणाला, की त्यांचं आज पोट बरं नाही, घेवडाच वाढा. मुचानेताने थाळीत घेवडा वाढला. केरेसियाने मात्र डोळे मोठे केले.

ओबाडियाने मांसाकडे पाहिलंही नाही. तोही घेवडाच जेवला. उरलेला घेवडा मुचानेताने हंडीतच झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परेडची वेळ होत आली होती. ओढ्यावरचं धुकं अजून विरलं नव्हतं. ओबाडिया पाण्याचे डबे घेऊन आला आणि ते खाली ठेवून तिच्या कानाशी वाकला.

"आत्या, ती हंडी बाटली. काल संध्याकाळी केरेसियाने मांसाचा डाव त्यात फिरवला. मी बघितलं."

"तेव्हाच का नाही बोललास?"

"भांडण झालं असतं. आज परत त्यातलंच खायचं म्हटल्यावर राहवेना."

मुचानेता तडक केरेसियापुढे उभी राहिली. केरेसिया पीठ ढवळत होती. तिने आधी ऐकलंच नाही, मग हसायला लागली. मी केलं असेल तर माझेच दात गळू देत, म्हणाली. पण शपथा घ्यायची तिला सवयच होती. साखर चोरतानाही ती हीच शपथ घ्यायची. त्या हसण्याने मुचानेताचं डोकं आणखी तापलं. तिने केरेसियाला नाही नाही ते ऐकवलं. तुझ्या हाताला शिस्त नाही, तुझ्या आईलाही नव्हती, म्हणाली. केरेसियाची आई त्याच वर्षी कुंपणातल्या गावात वारली होती. केरेसियाचं हसू थांबलं. ती पुन्हा ढवळू लागली.

मुचानेताने हंडीतला घेवडा सगळ्यांच्या ड्रममध्ये ओतला, कारण छावणीत अन्न फेकणं हा गुन्हाच होता. रिकामी हंडी काखेत मारली. ओबाडियाला म्हणाली, चल, राख घे, घासायला हात लाव.

"मला परेडला जायचंय. तू जा," तो म्हणाला. "आणि घाई करू नकोस, आत्या. वाळू लावून नीट घास."

ओढा उताराच्या खाली होता, दरड उंच. ती पाण्यात पाय सोडून बसली आणि वाळूने हंडी घासू लागली. घासताना केरेसियाशी मनातल्या मनात भांडणं चालूच होतं. वर लोखंडी फाळावर परेडचे टोले पडले. मग गाणं सुरू झालं. गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना विमानं आली.

तिने पाहिलं ते एवढंच, की धुकं एकाएकी पिवळं झालं. दरडीची माती तिच्या अंगावर कोसळली. ती मुळांच्या आडोशाला पोटात पाय घेऊन पडून राहिली, हंडी डोक्यावर उपडी धरून. विमानांनंतर हेलिकॉप्टरं आली, त्यांच्यानंतर बुटांचे आवाज. वर कुणीतरी शोना भाषेत, तिच्याच भाषेत, मोठ्याने सांगत होतं, की बाहेर या, आपलीच माणसं आहोत. काही जण बाहेर आलेही. त्यानंतर ऐकू आलं ते तिने पुढे कधीच कुणाला सांगितलं नाही.

सगळं शांत झाल्यावर ती वर आली. स्वयंपाकाचा खड्डा होता, त्या जागी त्याहून मोठा खड्डा होता. केरेसिया सापडली नाही. केरेसियाचा लाकडी डाव मात्र सापडला, दूर, एका झाडाच्या बेचक्यात.

वाचलेल्यांना आत, सीमेपासून लांब हलवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली. परेडची वेळ त्यांना कुणी सांगितली? चुलीतून धूर निघत नव्हता, मग वरून दिसलं कसं? स्वयंपाकघरातली एकही बाई वाचली नाही, एक सोडून. आणि तिचा तो भाचा कुठे आहे? एकाने सांगितलं, मी त्याला हेलिकॉप्टरकडे धावताना पाहिलं, हात वर करून. दुसऱ्याने तितक्याच खात्रीने सांगितलं, की तो ड्रमांपाशी पडला, मी त्याच्यावरून उडी मारून पळालो. मेलेल्यांना एकत्रच पुरलं होतं. आता उकरून बघणार कोण?

गादझाई वाचला होता, एक कान आणि त्या बाजूचा गाल गमावून. त्याने मुचानेताला आंब्याच्या झाडाखाली बोलावलं. दोन बंदूकवाले तिच्या मागे उभे केले. दोषी ठरलेल्या माणसांचं काय होतं ते छावणीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांना झाडीत नेत आणि फावडी बरोबर नेत. फावडी तिथेच झाडाला टेकवलेली होती.

तो म्हणाला, "परेडच्या वेळी तू ओढ्यावर होतीस."

"हंडी बाटली होती."

"कुणी सांगितलं?"

 मीच पाहिलं, एवढं म्हणून मुचानेताला मोकळं होता आलं असतं. भाच्याचं नाव वगळलं की निम्मा संशय तिथेच गळत होता. पण तसं म्हटलं, की मांसाचा डाव कायमचा केरेसियाच्या हातात जाणार होता, आणि नाही म्हणायला, हसायला, दातांची शपथ घ्यायला केरेसिया उरली नव्हती. तिच्या आईबद्दल बोललेलंही आता परत घेता येणार नव्हतं.

"ओबाडियाने," ती म्हणाली.

मागचा एक बंदूकवाला पुढे सरकला. गादझाईने हात वर करून त्याला थांबवलं.

"म्हणजे त्याने तुला बाजूला काढलं. त्याला माहीत होतं."

"तसं असेल. नाहीतर केरेसियाने खरंच डाव बुडवला असेल. मी हंडीत बघितलं नाही, कॉम्रेड. रागात ओतून दिलं."

"एका डावापायी कुणी शिजलेलं अन्न ओतून ओढ्यावर जाऊन बसतं, हे मी खरं मानू?"

"माझं नका मानू," मुचानेता म्हणाली. "आदल्या दिवशी ज्याचं पोट बरं नव्हतं, त्याला विचारा."

 गादझाईने गालावरची पट्टी हळूच दाबली. बंदूकवाल्यांना या बोलण्यातलं काही कळलं नाही. ते एकमेकांकडे बघत राहिले. थाळी नेणारा तो रक्षक न्यातोंडोतच पुरला गेला होता, केरेसियाही उरली नव्हती, त्यामुळे ही गोष्ट आता जगात दोघांनाच माहीत होती. फावड्यांकडे एकदा बघून गादझाईने तिला तेच सगळं पुन्हा विचारलं. आणि पुन्हा एकदा. मग म्हणाला, जा.

पण चुलीपाशी तिला पुन्हा येऊ दिलं नाही. लाकडं आण, पाणी आण, चर खण, सगळं कर. अन्नाला हात लावू नकोस. तिच्या पद्धतीचे चर तीच खणून द्यायची, त्यातला धूर गवतावर नीट पसरतोय का ते लांबून बघायची, आणि रांगेत थाळी घेऊन उभी राहायची. पहिला घास आता दुसरंच कुणी खायचं.

देश स्वतंत्र झाला तेव्हा ती बुहेराला परतली. कुंपण निघालं होतं. भाऊ होता, पाय थंडीत ठणकतच होता. तिने अंगणात बसल्याबसल्या पहिली गोष्ट विचारली ती ओबाडियाची. भावाने बराच वेळ आठवून सांगितलं, की एक पोरगा आला होता खरा. जेवला, नात्याने रीतसर बोलला, तुझीही चौकशी केली. आत्या कुठल्या वाटेने गेली, असं काहीतरी विचारलं. कुणाचा मुलगा, ते त्याने सांगितलं होतं, पण आता लक्षात नाही.

"मग तू विचारलं नाहीस, आला कुठून?"

"म्होफू म्हणाला. घरच्या पोराला काय विचारायचं?" भाऊ म्हणाला.

 तिनेही तेच केलं होतं. देवक खोटं नव्हतं, हे तिला आजही पटतं. ती थोरवी शिकवून अशी म्हणता येत नाही. तो म्होफूच होता. पण म्होफू दोन्हीकडच्या फौजांत होते. रक्त एक म्हणजे बाजूही एक, असं तिने धरून चाललं, आणि तिथे ती चुकली. किंवा चुकली नाही, आणि तो बिचारा गाणं म्हणता म्हणता परेडमध्ये मेला, आणि आज त्याच्या नावावर शेकडो माणसांचं रक्त आहे. परेडला जातो म्हणाला होता. माहीत असतं तर गेला असता का? की फक्त तिच्यापुढे तसं म्हणाला?

आता गावात तिच्या हातचं सगळे खातात. लग्नात, मयतीला पुन्हा तीच ड्रमवर असते, आणि वाढण्याआधी सगळ्यांसमोर पहिला घास खाते. पोरं हसतात, म्हातारीला फारच भूक लागते म्हणतात. पण शेजारच्या वस्तीत एका मयतीला न्यातोंडोचा एक जुना लढवय्या आला होता. तिने थाळी पुढे केली, तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि पोट बरं नाही म्हणून थाळी परत केली. तिने वाद घातला नाही.

ती तीन पायांची हंडी तिने परत आणली आहे. रात्रभर थंड राहिलेल्या हंडीत चरबी गेली असेल, तर ती सकाळी पांढरी गोठून वर येते. तिचा पापुद्रा साध्या डोळ्यांना दिसतो. झाकण काढून एकदा, फक्त एकदा उजेडात वाकून बघितलं असतं, तर ओबाडिया कोण होता ते तिला कायमचं कळलं असतं. आता घेवडा शिजवला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती ती हंडी दारात आणते आणि कोवळ्या उन्हात आत वाकून बघते. घेवडाच असतो.

छावणीतलं कुणी भेटलं, की लोक एकमेकांना विचारतात, आपल्याला विकलं कुणी. मुचानेता ते विचारत नाही. ती समोरच्याला बसायला देते, पाणी देते, त्याच्या हातांकडे बघते आणि मग तिला विचारायचं ते विचारते: त्या दिवशी संध्याकाळी, मांस वाढून झाल्यावर, केरेसियाच्या हातात कुठला डाव होता, तू पाहिलास का?